पाहुण्यांची बाजू

भात कापून, झोडून झालं, पेंढ्याच्या गंजी रचून झाल्या, की आमच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात शेतांना दुसरं काम लागतं. बांध फोडून तीन-चार खाचरं एक केली जातात. धसकटांवरून ट्रॅक्टरची फळी फिरते. आणि एका सकाळी त्या तपकिरी जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा उमटलेल्या दिसतात. मधोमध गोल, दोन टोकांना चौकोन, आणि हिरवे बांबू रोवून केलेले गोलपोस्ट. मी शिकवते त्या शाळेच्या खिडकीतून अशा एका मैदानाचा कोपरा दिसतो. या वर्षी मोसम सुरू होताना तिथं फक्की पडली. नववीची मुलं खिडकीकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. आता दोन महिने दर रविवारी फुटबॉल, लाउडस्पीकर, भजी आणि धूळ. मी फळ्याकडे वळले, हातात खडू होता, आणि मला काय लिहायचं होतं तेच आठवेना.

हा मोसम मला नकोसा असतो. बाहेर हवा किती छान असते! सकाळी गारवा, दुपारी चिकूच्या वाड्यांतून येणारा गोडसर वास, किनाऱ्याकडे बांबूंवर वाळणारे बोंबील. लोक म्हणतात, वर्षातले हेच दिवस सुखाचे. मलाही एके काळी तसंच वाटायचं.

हे लिहायला घेतलं तेव्हा तो रविवार यायचा होता. आमच्या गावची टीम सेमीफायनलला पोचली होती आणि मॅच नेमकी, जिथं मी कितीतरी वर्षं पाय ठेवला नव्हता, त्या मैदानावर लागली होती. आमचं गाव झाईच्या अलीकडे, समुद्राला लागून. ते मैदान तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. टीमबरोबर आमची दीडशे-दोनशे माणसं जाणार होती. तिथं पाहुण्यांना आत जायला आणि बाहेर यायला एकच वाट आहे. निवडुंगाच्या कुंपणातली एक फट, बैलगाडीपुरती. मॅच सुरू झाली की तिला साखळी लावतात. मला एवढंच हवं होतं की पाहुण्यांच्या बाजूला दुसरी एक वाट असावी, आणि ती उघडी असावी. बारा दिवस मी या एका गोष्टीच्या मागे होते.

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल ते गाव वाईट. तसं नाही. मी बघितलेली पाहुण्यांची बाजू सगळीकडे जवळजवळ सारखीच होती.

माझी जमनाआत्या सुकी मासळी विकायची. बोंबील, सुकट, जवळा टोपलीत भरून तलासरीच्या बाजारात बसायची, कधी पार आत सायवनपर्यंत जायची. घरची बोली, बाजारातली मराठी, उंबरगावच्या व्यापाऱ्यांची गुजराती आणि डोंगराकडच्या गिऱ्हाइकांची वारली, अशा चारही भाषांत तिला भांडता येत होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बारावीनंतर वडील म्हणाले, आता पुरे झालं. तेव्हा आत्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "हिला बोंबील पलटायला बसवू नका. हाताला वास लागला तर वह्या पण वास मारतील." वडील हसले आणि तिथंच माझं बी.ए. ठरलं. मी आज जे काही लिहिते-वाचते, त्याच्या मुळाशी तिची टोपली आहे, हे मी वर्गातही सांगते. मुलांना ते ऐकून कंटाळा आला असेल, तरी सांगते.

फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड तिला कधीच मान्य झाला नाही. "पुढे जाऊन उभा राहिला तर पोरगा हुशार म्हणायचा का चोर?" असं ती रेफ्रीलाच विचारायची. पण तिचा मुलगा निलेश टीममध्ये फॉरवर्डला खेळायचा, आणि गावची टीम जिथं जाईल तिथं आत्या जायची. टेम्पोत पुढच्या फळीला टेकून तिची जागा ठरलेली. टेम्पो चढणीला लागला की बायका गाणी म्हणायच्या, आणि उतारावर शिव्या.

तिकडच्या गावांत तिला सगळे ओळखायचे. ती समोरच्या गोलकीपरला ओरडायची, "अरे बाबा, हात आहेत का चाळणी? जवळा पण गळून जाईल!"

तो मागे वळून म्हणायचा, "आत्या, मंगळवारी सुकट घेणार नाय हां तुझी!"

"नको घेऊस! आधी गोल घे!"

दोन्ही बाजू हसायच्या. असं असताना कुणाला भीती कशी वाटणार?

त्या वर्षी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. डिसेंबरपासून दर रविवारी आम्ही कुठं ना कुठं जात होतो, आणि त्या मोसमातली पाहुण्यांची बाजू मला एकेक करून आठवते. एके ठिकाणी आम्हाला पश्चिमेकडे तोंड करून बसवलं होतं, अख्खी मॅच डोळ्यांवर हात धरून बघितली. एके ठिकाणी पाण्याचा ड्रम पलीकडे, गाववाल्यांच्या बाजूला होता आणि मध्ये मैदान. आमच्यातली एक पोटुशी बाई तासभर तहानलेली राहिली, तेव्हा आत्याच मॅच चालू असताना हातात तांब्या घेऊन सरळ मैदानातून चालत गेली. रेफ्रीनं शिट्टी मारली, तर म्हणाली, "तू खेळ रे, मी काय बॉलला हात लावत नाय." एके ठिकाणी आमच्या पायाशीच फटाक्यांची माळ लावली, आणि लहान मुलं दचकली की लोक हसत होते. बायकांना आडोशाला जायचं तर कुठं, हा प्रश्न प्रत्येक गावात होता आणि त्याचं उत्तर कुठंच नव्हतं.

आणि सगळीकडे एक रीत. मॅच संपली की आधी गाववाल्यांनी बाहेर पडायचं, पाहुण्यांना मागून सोडायचं. रस्त्यात मारामारी नको म्हणून. तोवर पाहुणे कुंपणात उभे. यांच्या घरी गेलो असतो तर यांनीच पहिलं ताट आमच्यापुढे ठेवलं असतं. उठू दिलं नसतं. मैदानावर मात्र आम्ही सांभाळून ठेवायची वस्तू होतो, जरा धोक्याची. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या गावात मॅच असली की आम्हीही तेच करायचो.

त्या मोसमातली शेवटची मॅच त्या मैदानावर होती. तिथल्या मॅच-कमिटीचे देवजीभाऊ आदल्या आठवड्यात बाजारात आत्याला भेटले. आत्याची सुकट वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जायची. ते म्हणाले, "तुमची माणसं गोल झाला की मैदानात धावतात, आत्या. तुमच्या बाजूला काहीतरी आडवं पायजे."

आमच्या माणसांना यात अपमान वाटला नाही. काम मिळाल्यासारखं वाटलं. गावात जुनी जाळी पडलेली होती. त्यातलं एक लांबलचक जाळं टेम्पोत टाकून माझे काका आणि चार जण सकाळीच तिकडे गेले. बांबू खोल रोवले, जाळं ताणलं आणि आमच्या पद्धतीनं बांधलं. आमची ती गाठ ओढ पडेल तशी आवळत जाते. समुद्रात पाण्याचा जोर आला की सैल पडणारी गाठ काय कामाची? होडीवर ती सोडवायची वेळ आलीच तर हाताशी सुरी असते, एका फटक्यात तोडायची. काकांनी बांबू धरून हलवून बघितला आणि म्हणाले, "आता हत्ती आला तरी सुटणार नाय." देवजीभाऊ खूश झाले. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. मी दुपारी पोचले तेव्हा आमची माणसं त्या जाळ्याकडे बोट दाखवून सांगत होती, हे आम्ही बांधलंय.

मैदान उताराच्या पायथ्याशी होतं. पाहुण्यांची बाजू त्या उतारावर. वर कुंपणात ती एकच फट, तिथून उतार खाली येतो तो थेट जाळ्याशी. दोन्ही बाजूंना निवडुंग. मी आत शिरले आणि मागे वळून बघितलं. मला ते दिसलं. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. मला दिसलं की वरून माणसं येत राहिली तर खालच्यांना जायला जागाच नाही. आणि मी बोलले नाही. पाहुणी होते. शिकलेली पोरगी आली की लगेच चुका काढते, असं म्हणतील, याची लाज वाटली. आत्या पुढे जाळ्याला लागून उभी होती, मुलगा खेळत होता म्हणून. मला म्हणाली, "तू मागंच थांब गं, नवीन ड्रेस फाटेल." मी मागे थांबले.

आमचा दुसरा टेम्पो वाटेत पंक्चर झाला होता. त्यातली साठेक माणसं मॅच संपत आली तेव्हा पोचली आणि साखळीबाहेर उभी राहून ओरडायला लागली. साखळीपाशी एक स्वयंसेवक होता, छातीवर बिल्ला लावलेला. आम्ही एका गोलनं मागे होतो. शेवटच्या मिनिटाला निलेशनं गोल मारला. बरोबरी झाली. निलेश दोन्ही हात वर करून आमच्या बाजूला धावत आला, आईकडे. आतले सगळे पुढे लोटले. त्याच क्षणी त्या स्वयंसेवकालाही मैदानात काय झालं ते बघायचं होतं. त्यानं साखळी सोडली आणि स्वतःच बांधावर चढला. साठ माणसं उतारावरून पळत आली. ती हसत होती. आपण कुणाला ढकलतोय हे त्यांना कळतच नव्हतं.

जाळं फाटलं नाही. गाठी आवळत गेल्या. पुढच्या माणसांचे चेहरे जाळ्याच्या चौकोनांत रुतले. पलीकडे मैदानात बिल्लेवाले काठ्या घेऊन धावले. त्यांना वाटलं, पाहुणे आत घुसतायत. जाळ्याला धरलेल्या बोटांवर ते काठ्या मारत होते. "मागे व्हा! मागे व्हा!" मागे कुठं? मी वरच्या बाजूला होते, माझ्या पाठीवर माणसं, पुढे माणसं. मी ओरडत होते आणि माझा आवाज गोलच्या आरड्याओरड्यात मिसळून जात होता. बाहेरून ऐकणाऱ्याला तो आनंदच वाटला असेल.

अखेर देवजीभाऊ कुणाच्या तरी हातातला कोयता घेऊन आले आणि त्यांनी जाळं कापलं. आत्याला बाहेर काढून मैदानाच्या रेघेवर निजवलं. तिच्या लुगड्याला, केसांना फक्की लागली होती. निलेश तिच्या पायांशी बसला होता, त्याला कोणीतरी अजून शाबासकी देत पाठीवर थापट्या मारत होतं, कारण त्या माणसाला काही कळलंच नव्हतं. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेलेली होती. कागदावर लिहिलं गेलं, गर्दीत चक्कर येऊन पडल्या. मॅच बरोबरीत सुटल्याचं लाउडस्पीकरवर जाहीर झालं, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

माझ्या काकांनी त्यानंतर कुठंही जाळं बांधलं नाही. ते आता घराच्या ओट्यावर बसून असतात, आणि नातवाच्या बुटाची नाडीसुद्धा त्यांना बांधवत नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही जागी गेले की आधी दुसरा दरवाजा शोधते. लग्नाचा हॉल असो, शाळेचं गॅदरिंग असो. परीक्षेला बाकं मांडताना मी भिंतीपाशी एक रांग मोकळी ठेवते. मुलं आपसात म्हणतात, "मॅडमचा दुसरा दरवाजा." म्हणू देत.

त्या बिल्ल्यांचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्याकडे स्वयंसेवकाचा बिल्ला मानाचा असतो. ज्यांनी मंडप घातला, बांबू आणले, त्यांना तो मिळतो, म्हणजे मॅच जवळून बघता येते. त्यामुळे मैदानावरचा प्रत्येक बिल्ला बॉलकडे बघत असतो. माणसांकडे बघायचं काम कुणाचंच नसतं. काठी हातात दिली जाते, पण ती कशासाठी, हे कुणी सांगत नाही. मग तो पोरगा जे त्याला माहीत आहे तेच करतो. गुरं पिकात शिरली की जे करतो ते. मला त्याचा राग यायला हवा. फार प्रयत्न करूनही येत नाही, आणि राग येत नाही म्हणून रडू येतं.

या वर्षी ते मैदान ठरलं हे कळल्यावर मी अर्ज केला. एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी कागद नीट वाचला, खुर्ची दिली, आणि म्हणाले, "मॅडम, खेळाची परवानगी त्यांनी घेतली आहे. प्रेक्षकांचं वेगळं काही नसतं." दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "आधी काही घटना घडली आहे का?" मी सांगितलं. त्यांनी जुनी नोंद काढायला लावली. नोंदीत चक्कर होती. ते म्हणाले, "हे तर आजारपण झालं." मी खुर्चीत बसून राहिले. माझ्याकडे पदवी आहे, दोन भाषांत अर्ज लिहिता येतो, साहेबांसमोर पाय थरथरत नाहीत. आत्यानं मला त्यासाठीच शिकवलं होतं ना? मग या सगळ्या शिक्षणानं तिच्या मरणाबद्दलचा एक शब्द मला बदलून का घेता येत नाही?

मग मी देवजीभाऊंच्या अंगणात गेले. ते बांबू सोलत बसले होते. म्हातारे झालेत आता. शेजारी कमिटीची दोन तरुण माणसं मोबाइल बघत होती. भाऊंनी कोरा चहा मागवला.

"जाळं आता नाय लावत आम्ही, मॅडम, पुढे बांबूचं कुंपण असतं," ते म्हणाले. "ती चूक समजली."

"चूक जाळ्याचीच नव्हती, भाऊ. वाट एकच आहे."

"दुसरी काढली तर कोण कुठून आला, कोण गेला, कोण बघणार? बाहेर तुमची-आमची पोरं भिडली तर? मग पण तुम्हीच बोलाल, बंदोबस्त नव्हता."

एक तरुण मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मॅडम, हा काय वर्ल्ड कप आहे का? शेतातली मॅच आहे."

सगळे हसले. मीही हसले. घरी परत येताना त्या हसण्याची मला इतकी शिसारी आली की मी वाटेत गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

घरी निलेश आला होता. तो आता टीमचा कॅप्टन आहे. बूट पुसत बसला होता. मी म्हटलं, "निलेश, तू नाही म्हण. कॅप्टन नाही गेला तर गाव पण जाणार नाही."

त्यानं दुसरा बूट हातात घेतला. मग म्हणाला, "ताई, तू माझी एक पण मॅच बघितली नाहीस ना नंतर?"

"नाही."

"मी बॅकला खेळतो आता. हाफलाइनच्या पुढे जात नाय मी. पोरं हसतात, पण जात नाय." त्यानं बूट खाली ठेवला. "मला खेळू दे गं. मी घरी बसलो तर तो गोल सोडून दुसरं काय राहील माझ्याकडे?"

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मी पण येणार आहे रविवारी. जमना असती तर सगळ्यांच्या आधी टेम्पोत बसली असती."

"आई, जमनाआत्या नाहीये ते त्या मैदानामुळेच."

"माहीत आहे मला. तिच्या जागेवर कोण बसणार मग?"

मी गावातल्या बैठकीतही बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. कोणी तरी म्हणालं, आयुष्यभर घरात बसायचं का? कोणी म्हणालं, समुद्रावर पण माणसं जातात, म्हणून होडी काढायची सोडतो का? समुद्राला फाटक नसतं, त्याची साखळी कोणी लावत नाही, हे उत्तर मला घरी आल्यावर सुचलं.

शनिवारी संध्याकाळी देवजीभाऊंचा फोन आला. आवाज दबका होता, जणू कमिटीपासून लांब जाऊन बोलत होते. "खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या कोपऱ्यात, कुंपणाचे तीन बांबू मी सकाळी उपटून ठेवतो. पण तिथं माझा माणूस नाय देता येणार. सगळ्यांना मॅच बघायची. तू उभी राहशील का? अख्खी मॅच?"

"राहीन."

"आणि काही कमी-जास्त झालं तर तुझ्यावर येईल."

"येऊ दे."

रविवारी मी त्या मैदानावर परत पाय ठेवला. फक्कीचा वास तोच. तीन बांबूंची जागा मोकळी होती, दोन माणसं शेजारी-शेजारी जातील एवढी. पलीकडे ओढ्याची कोरडी वाळू. मी तिथं माणसांकडे तोंड करून उभी राहिले. मला मैदान दिसत नव्हतं. मला आमची माणसं दिसत होती. माणसं मॅच बघतात तेव्हा त्यांचे चेहरे किती उघडे असतात! पोरीबाळी, म्हातारे, बोटं चावणाऱ्या बायका. समोरून कोणी त्यांच्याकडे बघतंय याचा त्यांना पत्ता नसतो. ही माणसं कुणाची तरी आहेत, हे मला इतकं कधी जाणवलं नव्हतं. मनात एकच धोशा चालू होता, गोल होऊ नये. कुणाचाच होऊ नये.

पण गोल झाला. आमचाच झाला. समोरचे दोनशे चेहरे एकदम उसळले आणि माणसं उतारावरून खाली लोटली, तशीच, अगदी तशीच. पुढची रांग वाकली. एका बाईचा तोल गेला. मी ओरडले, "इकडे! इकडे या!" आणि हाताला लागेल त्याला धरून बाहेर ओढलं. तीस-चाळीस माणसं त्या मोकळ्या जागेतून ओढ्याच्या वाळूत सांडली. कोणी गुडघ्यावर पडलं, कोणाचा मोबाइल पडला, आईची एक चप्पल गेली. सगळे हसत उठले, कपडे झटकले, आणि पुन्हा आत जाऊन ओरडायला लागले. एवढंच. मी बांबूला धरून उभी राहिले. आत्ता काय घडता घडता राहिलं, हे त्या मैदानावर माझ्याशिवाय कुणालाही कळलं नव्हतं. मी सांगितलं असतं तरी कुणाला पटलं असतं? वाळूत पडलेल्या माणसांच्या हातात दाखवायला काहीच नव्हतं, एक ओरखडाही नाही.

आम्ही एका गोलनं जिंकलो. निलेशला पोरांनी खांद्यावर घेतलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. मी हात वर केला.

लोक पांगले तेव्हा कमिटीतला तो तरुण पक्कड आणि तारेचं भेंडोळं घेऊन आला. उपटलेले बांबू त्यानं पुन्हा रोवायला घेतले.

"बघा मॅडम," तो म्हणाला, चांगल्या मनानं म्हणाला, "झालं का काही? उगाच दोन आठवडे जिवाला घोर लावून घेतलात."

"काही झालं नाही, कारण हे उघडं होतं."

"उघडं होतं म्हणून माणसं बाहेर पडली. बघितलं मी. बंद असतं तर पडलीच नसती."

देवजीभाऊ मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं. "पुढच्या रविवारी फायनल, इथंच," ते म्हणाले. "गर्दी दुप्पट होणार. कमिटी म्हणते, एवढ्या गर्दीत दोन-दोन वाटा सांभाळता यायच्या नाहीत. ही बंदच ठेवायची."

"भाऊ, गर्दी दुप्पट म्हणूनच तर..."

"मी बोललो त्यांना. ते म्हणतात, या वेळी काहीच झालं नाही ना?"

टेम्पोवाला उंबरगावचा. तो हॉर्न वाजवत गुजरातीत ओरडला, "बेन, बेसो ने! आवता रविवारे चार टेम्पो जोइशे!" पुढच्या रविवारी चार टेम्पो लागणार, हे ऐकून टेम्पोतून टाळ्या पडल्या. तो पोरगा तार पिळत होता. एक वेढा, दुसरा वेढा, मग पकडीनं टोक आत दाबलं, कुणाला लागू नये म्हणून. मी तिथून हलले नाही. आईनं टेम्पोच्या फळीवरून वाकून हाक मारली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती आणि चेहरा कितीतरी वर्षांनी उजळला होता.

"चल की गं! काय बघतेस तिथं? जिंकलो आपण!"